आज नळ आले

परवा आमच्या भाचीचा फोन आला. ती आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात असते, नोकरीच्या निमित्तानं. "मामी, काय म्हणतंय जालना? काही नवीन?" मी आपली सहज बोलून गेले, "काही नाही गं, आज नळ आले." ती हसतच सुटली. म्हणाली, "मामी, मी चौथीत असताना सुट्टीत यायचे ना, तेव्हाही तुमच्याकडे हीच बातमी असायची!"

मग मी तिला विचारलं, तुमच्या गावात काय असते बातमी? तर म्हणाली, आठवड्याला एक पेपर निघतो. कोण वारलं, कुठला रस्ता बंद आहे, शाळेच्या संघानं सामना जिंकला की हरला, वाचनालयाची वेळ बदलली... बस्स. पाण्याचं काही? तर पाणी बातमीत येतच नाही म्हणे. एकदा मात्र आलं होतं. २०१४ साली सरकारनं घरगुती पाण्याला बिल लावायचं ठरवलं, तेव्हा तिथे हजारो लोकांचे मोर्चे निघाले आणि २०१६ मध्ये ती बिलं थांबवावी लागली. मला मोठी गंमत वाटली. आमच्याकडे हंडे घेऊन मोर्चा निघतो तो पाणी नसतं म्हणून. पावसाच्या देशाची तऱ्हा वेगळी. असो.

फोन ठेवला आणि तेच डोक्यात घोळत राहिलं. बाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगायला हवं की 'नळ आले' हा आमच्याकडचा वाक्प्रचार आहे. पुण्या-मुंबईची मंडळी 'पाणी आलं' म्हणतात. आमच्याकडे नळ येतात, तेही अनेकवचनात, पाहुण्यांसारखे. आणि पाहुण्यांसारखेच जातातही. "नळ गेले का हो?" हा प्रश्न मी जालन्यात इतक्या वेळा ऐकलाय की व्याकरण शिकवताना भाववाचक नामापेक्षा हेच उदाहरण आधी तोंडात यायचं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात कॅलेंडरं आहेत, १९७७ पासूनची. भाचेकंपनीनं ही पेटी पाहिलेली आहे, कारण तिच्यावर चढूनच लोणच्याच्या बरण्यांपर्यंत हात पोचायचा. ती कॅलेंडरं माझ्या सासूबाईंची. आम्ही सगळे त्यांना 'बाई' म्हणायचो. (शाळेत मी बाई, घरी त्या बाई. मुलांचा फार गोंधळ व्हायचा.) कालनिर्णय सुरू झालं १९७३ साली, पण आमच्या घरी ते यायला लागलं मुंबईच्या एका दिरांमुळे, चार वर्षं उशिरानं. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. आकडे ओळखायच्या, अक्षरं फारशी नाही. त्यामुळे त्यांनी आपल्या खुणा ठरवल्या होत्या. दुधाचा खाडा झाला की फुली. नळ आले की तारखेभोवती गोल. टँकर आला की चौकोन. टँकर विकतचा असला तर चौकोनात टिंब. रोज रात्री निजण्याआधी चुलीतल्या कोळशानं, पुढे पेन्सिलीनं ही नोंद व्हायची. २००४ मध्ये बाई गेल्या, त्यानंतर मी तेच चालू ठेवलंय, त्याच खुणांनी. अक्षर येत असूनही गोलच काढते.

माझं माहेर अंबडचं. तिथे पाणी म्हणजे आड आणि बारव. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेली पुष्करणी बारव आम्हाला कौतुकाची नव्हती, पायऱ्या मोजायची जागा होती. १९७३ च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. ज्यांना ते वर्ष आठवतं त्यांना जास्त सांगायला नको. सलग दुसरा कोरडा उन्हाळा, खडी फोडायच्या कामांवर माणसांच्या रांगा, रेशनला मिलो, पोरांना सुकडी. लग्नात पंगत एकच उठली. सासरी आले तर पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं, "डोक्यावर दोन हंडे घेता येतेत का?" बीएची मार्कलिस्ट मी पेटीत सगळ्यात वर ठेवली होती, ती कोणी पाहिली नाही.

पण बाईंचा एक अभिमान होता. त्या म्हणायच्या, "आमच्या जालन्याच्या नळाला लाईट लागत नाही." तेव्हा मला कळलं नाही. पुढे कळलं की हे घाणेवाडीच्या तलावाबद्दल होतं. शहराच्या वरच्या अंगाला कुंडलिका नदीवर निजामाच्या राजवटीत हा तलाव झाला. त्याच्याशी जालनावाला या पारशी घराण्याचं नाव जोडलं जातं. पुढे त्याला संत गाडगेबाबा जलाशय असं नाव दिलं, पण लोक घाणेवाडीच म्हणतात. या तलावाची करामत म्हणजे तो उंचावर आहे, आणि तिथून नव्या जालन्यापर्यंत पाणी आपल्या उतारानं येतं. पंप नको, मोटार नको. वीज गेली तरी नळ येणारच. जुन्या इंजिनिअर मंडळींना गावाचा उतार किती नीट वाचता येत होता! बाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरोघरी नळ नव्हते, चौकात एक होता, आणि ज्यांना परवडायचं त्यांच्याकडे पखालवाला यायचा. पण चौकातला तो नळ रोज यायचा, असं त्या शपथेवर सांगायच्या.

त्याच्याही आधीची गोष्ट मला शाळेसाठी स्थानिक इतिहासाचा तक्ता करताना सापडली. जालन्यात जमशेदखान नावाचा एक अधिकारी होऊन गेला. काळी मशीद, तिच्याजवळचा हमाम आणि सराई ही त्याची बांधकामं. मोती तलावही त्याचाच. त्यानं त्या तलावापासून जमिनीखालून नळ टाकले होते, आणि गावात ठिकठिकाणी हौद बांधून तिथे पाणी वाटलं होतं. मुख्य हौद सराईच्या चौकात. म्हणजे 'नळ आले' ही बातमी जालन्यात काही शतकं जुनी आहे म्हणायची. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या गॅझेटियरात याची नोंद आहे, आणि त्याच दमात लिहिलंय की नळ नादुरुस्त झाले आहेत आणि पाणी बंद पडलं आहे. ते वाक्य वाचून मी वर्गात एकटीच हसले होते. मुलींना वाटलं बाईंना काय झालं.

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे लहान पोरंही म्हणतात. सरकी, कापूस, व्यापार, मोंढा, पुढे बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, तेव्हा गावाची छाती फुगली होती, आमचीही. मी त्या वर्षाचं कॅलेंडर काढून पाहिलं. गोल, गोल, रिकामं, गोल, फुली, रिकामं, रिकामं, गोल. बाकी काही नाही. १ मे १९८१ ला आमचा जिल्हा झाला, सिंधुदुर्गाच्या बरोबरीनं. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबादचे तालुके आणि परभणीचा परतूर मिळून. गावात फटाके फुटले, आमच्या ह्यांनी पेढे आणले. त्या तारखेला बाईंनी काढलाय एक गोल आणि एक फुली. नळ आले होते, दूध आलं नव्हतं.

आमच्या घरी पेपर यायचा तो 'मराठवाडा'. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये साप्ताहिक म्हणून काढलेला, निजामानं बंदी घातली की नाव बदलून पुन्हा निघणारा. पुढे अनंत भालेरावांच्या हाताखाली १९६८ च्या १५ ऑगस्टला त्याचं दैनिक झालं. अनंतरावांचा अग्रलेख वाचल्याशिवाय ह्यांचा चहा खाली जायचा नाही. मराठवाड्याचा विकास, रेल्वेचं रुंदीकरण, विद्यापीठाचं नामांतर, जायकवाडी... मोठमोठे प्रश्न त्या पेपरनं पोटतिडकीनं मांडले, आणि ते मांडायलाच हवे होते. पण जालन्याच्या वाट्याला त्यात कोपऱ्यातल्या चार ओळी. त्यातही उद्घाटन असेल तर. कुठल्या गल्लीत किती वाजता नळ येतात, हे छापणं कोणाला सुचण्यासारखंच नव्हतं. ती बातमी दुसऱ्या वाटेनं फिरायची. भाजीवाली सांगायची, कासाराची बाई सांगायची, पिठाच्या गिरणीत रांगेत कळायची. कधी रिक्षावर भोंगा लावून कोणी सांगत जायचं, पण त्याच रिक्षावर सिनेमाची जाहिरात आणि अंत्ययात्रेची वेळही असायची, त्यामुळे नीट ऐकावं लागायचं. एकदा आमच्या शेजारच्या काकू नळ समजून हंडे घेऊन बाहेर आल्या, आणि पुकारा होता कोणाच्या तरी तेरवीचा.

ही बातमी बायकांची होती, म्हणून ती छापली गेली नाही, असं मी म्हटलं तर आमचे काही वाचक रागावतील. रागावू देत.

आता जे सांगणार आहे ते आजवर घरातही फार बोलले नाही.

१९८८ सालची गोष्ट. मी सातवीची वर्गशिक्षिका होते. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि त्या मुलीचंही नाही. मुलगी हुशार, गणितात तर फारच. पण हजेरीत भोकं. दोन दिवस यायची, एक दिवस नाही. विचारलं की खाली मान. मी तिला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. तिसऱ्यांदा पट्टी दिली, हातावर. सहामाहीच्या प्रगतीपुस्तकात लाल शाईनं लिहिलं, 'अनियमित'. मला वाटायचं की शिस्तीनं मूल घडतं. तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं, पण म्हणून माझं कमी होत नाही.

संध्याकाळी घरी पोळ्या करताना मी बाईंजवळ चिडचिड केली. कोणाची मुलगी, कुठे राहते, असं त्यांनी विचारलं. मी गल्ली सांगितली. बाई एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "आगं, तिकडं नळ दिवसाआड येतेत, तेबी साळा भरायच्या वक्ताला. माय जाती कामाला. मंग हंडे कोण भरल?"

मला ते एकदम मानवलं नाही. मास्तरकीचा एक अहंकार असतो. रात्री मी हजेरीपट घरी आणलेला होता तो उघडला, आणि बाईंना विचारून विचारून त्या गल्लीचे नळाचे दिवस आमच्या कॅलेंडरवर फिक्या पेन्सिलीनं मांडले. बाईंना ते पाठ होते, कारण त्यांची एक मावसबहीण त्याच बाजूला राहायची. त्या महिन्यात मुलगी अकरा दिवस गैरहजर होती. अकरापैकी नऊ दिवस नळाचे निघाले. मग मी बाकीचा पट पाहिला. त्या भागातल्या आणखी चार मुलींची भोकं त्याच तारखांना. मुलगे मात्र हजर. एकाच घरातला भाऊ हजर, बहीण गैरहजर.

ते कॅलेंडर अजून पेटीत आहे. नोव्हेंबर १९८८. फिक्या पेन्सिलीच्या खुणा आता भिंगानं पाहाव्या लागतात.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम मोडला. त्या पाच जणींना सांगितलं, नळ असेल त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर या, मी हजेरी मांडते. मुख्याध्यापकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित मानलंही असतं, पण मला धीर झाला नाही. मार्चपर्यंत असं चाललं. मुलगी सातवी चांगल्या मार्कांनी पास झाली. आठवीत ती आली नाही. दिवाळीत कळलं की लग्न झालं, घनसावंगीकडे दिली. प्रगतीपुस्तकावरचं ते 'अनियमित' खोडून द्यायचं माझ्या मनात होतं, पण पुस्तक तिच्या घरी गेलेलं होतं.

पुढचं तुम्हाला बहुतेक माहीत आहे. गाव वाढलं, कारखाने वाढले, घाणेवाडी पुरेना. तळाशी गाळ भरत गेला. शहागडहून गोदावरीचं पाणी आणलं गेलं, मग आणखी लांबून आणायची चर्चा. प्रत्येक नव्या योजनेच्या वेळी जुन्या तलावाकडे लक्ष थोडं कमी होत गेलं, हे मी कॅलेंडरावरून म्हणू शकते. नव्याची बातमी होते. गाळ काढण्याची होत नाही.

२०१२-१३ चं कॅलेंडर मी मुद्दाम वेगळं ठेवलंय. त्या साली घाणेवाडी कोरडा पडला. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं धरण, ज्याचा पाया १९६५ मध्ये शास्त्रीजींच्या हस्ते घातला आणि १९७६ मध्ये इंदिराबाईंनी ज्याचं लोकार्पण केलं, तोही मृतसाठ्यावर आला. त्या कॅलेंडरच्या मार्च-एप्रिलच्या पानांवर गोल जवळजवळ नाहीत. चौकोन आहेत, आणि बहुतेक चौकोनांत टिंब. माझ्या धाकट्या भावाची अंबडजवळ मोसंबीची बाग होती, बारा वर्षांची झाडं. त्यानं उसनवारी करून टँकर घालून पाहिलं. मग सोडून दिलं. जूनमध्ये झाडं तोडून सरपण झालं. त्यातल्या थोड्या काटक्या त्यानं आमच्याकडेही पाठवल्या, का ते मला आजही कळत नाही. मी त्या जाळल्या नाहीत बरेच दिवस.

त्या दुष्काळानं एक मात्र झालं. गावातल्या लोकांना घाणेवाडी आठवला. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या मंडळींनी तलावातला गाळ काढायचं काम हाती घेतलं होतं. शेतकरी आपापले ट्रॅक्टर आणून गाळ शेतात नेत होते. एका रविवारी आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी रिक्षा करून बघायला गेलो. मला तलावाचा तळ पहिल्यांदा दिसला. चाळीस वर्षं ज्याचं पाणी प्यायले त्याचा तळ. भेगाळलेला, आणि मधोमध पोकलेनचा आवाज. आमच्याबरोबरच्या एका सरांनी मूठभर गाळ रुमालात बांधून घेतला, कुंडीत घालायला. त्यांचा गुलाब चांगला आला पुढे.

आणि २०१३ मध्येच पैठणच्या धरणातून जालन्याला थेट जलवाहिनी आली. हे पाणी अंबडवरून येतं, तिथे शुद्ध होतं आणि मग जालन्याला. म्हणजे माझ्या माहेराहून. बाई असत्या तर नक्की म्हणाल्या असत्या की सूनबाईनं चाळीस वर्षांनी का होईना, माहेराहून काही तरी आणलं!

आता समृद्धी महामार्ग झाला, ११ डिसेंबर २०२२ पासून त्यावर गाड्या धावू लागल्या. २०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत गेली. या सगळ्या बातम्या टीव्हीवर आल्या, त्या भाचीनं तिकडे आयर्लंडमध्येही पाहिल्या. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते तर साऱ्या जगानं पाहिलं. लातूरच्या लोकांच्या घरी रोज किती हंडे पडले ते मात्र तिथल्याच कोणा बाईच्या भिंतीवर लिहिलेलं असेल.

आमच्या गल्लीचा आता व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. त्यावर सुप्रभातच्या फुलांच्या मधूनमधून कोणीतरी टाकतं, "नळ आले". मग वीस अंगठे. मी तो निरोप वाचते, हंडा लावते, आणि कॅलेंडरवर गोल काढते. सून विचारते, "आई, फोनमध्ये आहे ना, मग कशाला?" मी तिला म्हटलं, तुझ्या फोनमधला १९८८ चा नोव्हेंबर दाखव.

जाता जाता एक काम. पेटीत १९८३ आणि १९९१ ही दोन वर्षं नाहीत, आणि १९९५ च्या सप्टेंबरचं पान फाडलेलं आहे. त्या पानांच्या मागे पाककृती असायच्या, आणि आपल्याकडच्या कोणाला अनारशांची कृती हवी होती हे मला पक्कं आठवतंय. ज्या कोणी नेलं असेल त्यांनी रागावणार नाही म्हणून समजावं आणि परत पाठवावं. कृती उतरवून घ्या, पान मला द्या.